चौथ्या लेनचं घड्याळ

बसा इथं, खालच्या पायरीवर. वरच्या कोरड्या असतात,
पण तिथून मूल ओळखता येत नाही,
सगळ्यांच्या टोप्या निळ्या.
कांपालच्या या तलावाला एक वास आहे.
तो आता तुमच्या घरी राहायला येणार:
उशीत, वहीत, पेजेच्या वाडग्यातसुद्धा.
केस राठ होतील. खोबरेल पाण्याआधी लावा, नंतर नव्हे.

फीचं त्यांनी सांगितलंच असेल.
सांगितलं नसेल ते हे, की गॉगलचा पट्टा
नेमका शर्यतीच्या दिवशी तुटतो,
की टॉवेल तीन लागतात,
की काही सकाळी मूल तासभर बोलत नाही
आणि ते तुमच्यावर रागावलेलं नसतं.

आम्ही चोडणचे. पहिली फेरीबोट धरतो.
सुलक्षा माझ्या पाठीला टेकून झोपते,
रायबंदरच्या धक्क्यावर स्कूटर उतरली की जागी होते,
विचारते, "आज किती?"
मला काय ठाऊक. मी पाटबंधारे खात्यात कारकून.
मला पोहायला काकानं शिकवलं, मानशीजवळ,
कमरेला दोन सुके नारळ बांधून.
"बुडलास तर ओरड," एवढाच त्याचा अभ्यासक्रम.
पलीकडे पोचलास का, विचारायचे तेव्हा.
किती वेळात, असं कुणी विचारलं नव्हतं.

काठावरून हाका मारू नका. आंतोन सरही मारत नाहीत.
पाण्यात ऐकू जात नाही, ऐकू जातं ते आपल्यालाच.
आणि परतताना वेळेबद्दल बोलू नका.
मी बोललो. सबंध कॉजवेभर बोललो,
दशांश चिन्हापुढचे आकडेसुद्धा.
मागून उत्तर नाही.
धक्क्यावर थांबलो तेव्हा शर्ट ओला होता, पाठीवर, एकाच जागी.
केसांनी की कशानं,
मी वळून पाहिलं नाही.

आणखी एक. स्पर्धेला माणसं कमी पडतात,
तुमच्याही हातात घड्याळ देतील.
आपल्या मुलाची लेन देत नाहीत, शहाणे आहेत.
मला चौथी मिळाली. साळगावची फ्लाविया.
सुलक्षा पाचवीत.
पन्नास मीटर. शेवटच्या चार हातांना
माझी मान वळली. मुद्दाम नव्हे,
ठेच लागलेल्या पायाकडे हात जातो, तशी.
परत पाहिलं तेव्हा फ्लावियाची बोटं भिंतीवर होती,
पसरलेली,
आणि ती वर माझ्याकडे बघत होती.
तेव्हा मी बटण दाबलं.

लिहून घेणाऱ्या बाईंना सांगितलं, उशीर झाला माझा.
त्यांनी पेन थांबवलं. "मग कितीनं कमी करू?"
मला आकडा सांगता आला नाही.
जन्मभर पाण्याच्या पातळ्या लिहिल्या मी, रकान्यात, नीट.
मला आकडा सांगता आला नाही.
त्यांनी घड्याळात होतं ते लिहिलं. पुढच्या यादीत
फ्लाविया नव्हती.

तिच्या आईला पार्किंगमध्ये गाठलं, सगळं सांगितलं.
ती ऐकत राहिली. मग डबा उघडला,
अर्धी पोई, आत ऑम्लेट, माझ्या हातात ठेवली
आणि गाडीकडे गेली.
असू दे, असं काही म्हणाली नाही.
मी ती पोई खाल्ली. साडेतीनला उठलो होतो, भूक होती.
आता त्या दोघी समोरच्या पायऱ्यांवर, तिकडे, बसतात.

सुलक्षा कितवी आली ते तुम्ही विचारलं नाहीत.
बरं केलंत.

तो तुमचा ना? कानावर टोपी सरकलेला,
कठड्याला धरून, एकच पाय पाण्यात.
हात हलवू नका.
टॉवेल पिशवीत कशाला, मांडीवर घ्या.
गरम राहतो.